गिअरबॉक्समधील वंगण : एक क्रिया व तिची परिभाषा

मुळा व पवना या नद्यांच्या दरम्यान, हिंजवडीस लागून असलेल्या मारुंजी गावाच्या रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ वाहनांची जी रांग लागते, तीत हाताने गिअर बदलावयाच्या जुन्या मोटारीची खरी परीक्षा होते. पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला, असा क्रम घटका-घटका चालतो. या पट्ट्यातच, पिंपरीच्या कारखान्यात, तयार झालेली टाटा इंडिका १९९८ साली प्रथम लोकांपुढे आली व २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. मारुती ८०० चे उत्पादन त्यापूर्वीच, २०१४ साली, बंद झाले होते. अशा गाड्यांचे मालक इंजिनाचे ऑइल वेळच्या वेळी बदलतात. गिअरबॉक्सच्या ऑइलची आठवण मात्र गिअर खरखरू लागल्यावर होते. या विस्मरणाचे व त्यातून होणाऱ्या हानीचे एक कारण भाषेत आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

बैलगाडीच्या आसाला वंगण देणे ही क्रिया मराठी समाजास पूर्वापार परिचित आहे. तेथे वंगणाचे काम एकच : घर्षण कमी करणे. गिअरबॉक्समधील तेलास मात्र परस्परविरुद्ध अशी दोन कामे करावी लागतात. एकमेकांवर प्रचंड दाबाने घासणाऱ्या दातांच्या दरम्यान तेलाचा पातळ थर टिकला पाहिजे. उलट, गिअर पडताना दोन फिरत्या भागांची गती समान करणारे जे पितळी कडे असते, ज्यास गॅरेजात ‘सिंक्रो रिंग’ म्हणतात, त्याला आपले काम घर्षणानेच साधावयाचे असते. १९२८ साली कॅडिलॅक गाडीत ही योजना प्रथम आली आणि गिअर बदलताना होणारा दातांचा खडखडाट टळला. तेल अति निसरडे असेल तर हे कडे घसरते व गिअर अडतो.

आता ‘गिअर ऑइल’ या संज्ञेकडे पाहू. दुकानात एवढेच नाव घेतले असता जे मिळेल ते योग्यच असेल असे नाही. कारण तेलाची ओळख दोन खुणांनी पटते. पहिली खूण दाटपणाची, म्हणजे एसएई क्रमांकाची. येथे अंक फसवितात. गिअरच्या तेलाचा ९० हा क्रमांक इंजिनाच्या तेलाच्या ४० पेक्षा दुपटीहून अधिक दाटपणा दर्शवितो, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः या दोन स्वतंत्र मोजपट्ट्या असून १०० अंश सेल्सिअस तापमानास ही दोन्ही तेले दाटपणात एकमेकांच्या जवळ येतात. अंक त्याच लिपीतले. परंतु त्यांचा अर्थ ज्या त्या पट्टीपुरताच.

दुसरी खूण वर्गाची : जीएल-४ किंवा जीएल-५. दाब सोसण्यासाठी तेलात गंधक व स्फुरद यांची संयुगे मिसळतात. जीएल-५ मध्ये त्यांचे प्रमाण जीएल-४ च्या सुमारे दुप्पट असते. मागील चाकांना चालना देणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलमधील तिरप्या दातांना या अधिक संरक्षणाची गरज असते. परंतु गंधकाची क्रियाशील संयुगे उष्णतेत तांबेमिश्रित धातूंवर चढतात, आणि पितळी कडे नेमके त्याच जातीचे. काही आधुनिक जीएल-५ तेलांत यावर उपाय योजलेला असतो. तरीही कड्यास लागणाऱ्या घर्षणाचा प्रश्न उरतोच. म्हणजे एकाच गाडीतील दोन पेट्यांना दोन निराळी तेले लागू शकतात, आणि भाषा मात्र दोहोंसाठी एकच नाव देते. यास्तव गाडीच्या पुस्तिकेत दिलेला क्रमांक व वर्ग ही दोन्ही सांगूनच तेल मागावे.

प्रत्यक्ष क्रियेत शब्द इतके दगा देत नाहीत. प्रथम गाडी काही किलोमीटर चालवावी. कोमट तेल सहज वाहते व आपल्याबरोबर धातूचा कीस घेऊन येते. नंतर ती खड्ड्यावर वा चार भक्कम आधारांवर समपातळीत उभी करावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. यापुढील नियम सर्वांत महत्त्वाचा : तेल भरण्याचे बूच आधी उघडावे, सोडण्याचे नंतर. भरण्याचे बूच गंजून बसले असेल व तेल आधीच सोडले गेले असेल, तर कोरड्या गिअरबॉक्सची गाडी जागच्या जागी अडकते.

तेल घमेल्यात पडत असता शब्दांचा इतिहासही समोर असतो. ‘बूच’ व ‘घमेले’ हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले, ‘वायसर’ इंग्रजीतून आला, आणि ‘आटे’ घरचेच. चुंबक असलेल्या बुचावर करड्या रंगाचा बारीक लगदा आढळणे स्वाभाविक आहे. दाताचा तुकडा आढळल्यास मात्र गिअरबॉक्स उघडून पाहावयास हवा. जुना वायसर पुन्हा वापरू नये. बूच बेताने आवळावे. पेटी ॲल्युमिनियमची असल्यास आटे लवकर जातात. बहुतेक गाड्यांत तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेस टेकले म्हणजे ते पुरेसे झाले. कमी पडल्यास वरचे भाग उपाशी राहतात, अधिक झाल्यास फेस होऊन ते सीलमधून पाझरते.

उतरलेले तेल नाल्यात ओतणे हा अपराध समजावा. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी वापरलेल्या तेलाची गणना धोकादायक टाकाऊ पदार्थांत केलेली आहे. ते डब्यात भरून अधिकृत संकलकाकडे द्यावे.

परिभाषेचा प्रश्न बहुधा कोशाच्या पानांवर चर्चिला जातो. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून शास्त्रीय संज्ञा घडविण्याचे मोठे कार्य झाले. तथापि संज्ञेची कसोटी ती देशी की परकी ही नव्हे. ज्या दोन वस्तूंची गल्लत झाल्यास नुकसान होते, त्या ती वेगळ्या ठेवते की नाही, ही होय. कारागिराने ‘वायसर’ आणि ‘आटे’ सांभाळले, कारण त्यांवाचून बूच बसतच नाही. चुकीच्या तेलाने मात्र गाडी त्या दिवशी नीट चालते. पितळी कडे झिजल्याचे कळते ते पुष्कळ दिवसांनी. ज्या चुकीचे फळ उशिरा मिळते, तिच्यासाठी भाषेत अगोदरच स्वतंत्र नाव असावे लागते. ते रूढ होईपर्यंत ‘गिअर ऑइल’ या शब्दांपुढे ‘कोणते?’ हा प्रश्न जोडण्याची सवय प्रत्येक मालकाने लावून घ्यावी.