साच्याच्या पोटातलं पाणी

वेरूळचं कैलास लेणं पाहणारा माणूस दगडाचा हिशोब विचारतो, आणि गाइडही दोन लाख टनांचा अंदाज सांगून मोकळा होतो. छिन्नीची चौकशी सहसा कुणी करत नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, खुलताबाद तालुक्यातला हा डोंगर वरून खाली फोडत नेला. बेसॉल्टवर घाव घालून छिन्नीचं टोक बोथट होणारच. ते पुन्हा तापवून, ठोकून, त्याला पाणी देणारे लोहार शेजारी बसवल्याखेरीज एवढं काम उरकलं नसणार.

कापणारं हत्यार कापायच्या वस्तूपेक्षा कडक हवं, हा नियम तेव्हापासून बदललेला नाही. आज त्या कामासाठी जे खास पोलाद बनतं त्याला टूल स्टील म्हणतात. त्याचा कडकपणा मुख्यतः कार्बनमधून येतो. गरम पोलाद झपाट्याने थंड केलं की कार्बनचे अणू लोखंडाच्या जाळीत अडकून पडतात आणि मार्टेन्साइट नावाची कडक, पण ठिसूळ रचना तयार होते.

खुलताबादहून तासाभरावर वाळूज आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला, आणि त्याच्या आसपास साचे, डाय आणि सुटे भाग बनवणाऱ्यांची मोठी वस्ती उभी राहिली. एन्ड्युरन्ससारखी ॲल्युमिनियमचं डाय-कास्टिंग करणारी कंपनी इथलीच. जर्मनीच्या सहकार्याने उभी राहिलेली आणि डाय-मेकर घडवणारी इंडो-जर्मन टूल रूम चिकलठाण्यात आहे. या लोकांपुढे साच्याचा आकार हा फारसा प्रश्न नसतो. आकार मिलिंग आणि स्पार्क मशिनवर निघतोच. खरी कटकट उष्णतेची. प्लास्टिकच्या साच्यात एका शॉटचा निम्म्याहून अधिक वेळ अनेकदा भाग थंड होण्याची वाट पाहण्यात जातो. ॲल्युमिनियम ओतायच्या डायचं त्याहून वाईट: साडेसहाशे-सातशे अंशांचा रस आत येतो, भाग बाहेर पडला की पृष्ठभागावर फवारा, की पुन्हा रस. अशा हजारो फेऱ्यांनंतर डायच्या अंगावर बारीक भेगांचं जाळं उमटतं.

थंड करायला पाण्याची भोकं असतात, पण ड्रिल सरळच जातं. भाग वळणदार असला तर काही कोपरे पाण्यापासून लांब राहतात आणि तापतात. धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगचं टूलरूममध्ये खरं मोल इथे आहे. साचा थरांनी रचायचा असेल, तर पाण्याची वाट पृष्ठभागाच्या वळणाबरोबर हवी तशी वळवता येते.

यंत्रात १५ ते ४५ मायक्रॉनच्या गोल कणांची पोलादी पूड असते. मोहरी घरंगळते तशी ती सरकली पाहिजे, नाहीतर थर सारखा पसरत नाही. सुमारे ४० मायक्रॉनचा थर पसरायचा, लेझरने हव्या त्या जागी वितळवायचा, ज्यावर तुकडा रचला जातो तो पाट किंचित खाली, पुन्हा थर. दहा सेंटिमीटर उंचीच्या तुकड्याला असे अडीच हजार थर लागतात. भोवती नायट्रोजन किंवा आर्गॉन असतो, कारण हवेत पूड जळेल.

आता कार्बन आडवा येतो. लेझरखालचा ठिपका सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने थंड होतो. म्हणजे लोहाराचं पाणी देणं प्रत्येक थरात, न थांबता, चालू असतं. वरचा थर आकसू पाहतो, खालचा गोठलेला थर त्याला धरून ठेवतो. आतला ताण वाढतो. ठिसूळ मार्टेन्साइटला तो ताण वाकून सोसता येत नाही, म्हणून ते तडकतं. डाय-कास्टिंगच्या लाडक्या एच-१३ पोलादात कार्बन जेमतेम ०.४ टक्के, तरी ते रुसतं. हाय-स्पीड स्टीलमध्ये तो दुपटीच्या आसपास असतो. तिथे तर विचारूच नका.

उपाय दोन दिशांनी शोधले गेले. एक, खालचा पाट इतका तापवायचा की काम संपेपर्यंत मार्टेन्साइट बनायलाच नको. एच-१३साठी तीनशे अंशांच्या बऱ्याच वर जावं लागतं, आणि अनेक जुनी यंत्रं दोनशेलाच थांबतात. दुसरी वाट, कार्बनच काढून टाकायचा. मारेजिंग स्टीलमध्ये तो जवळजवळ नसतो. त्याऐवजी १८ टक्के निकेल, ९ टक्के कोबाल्ट, मॉलिब्डेनम, टायटॅनियम असतं. छापताना ते मवाळ राहतं. नंतर सुमारे ४९० अंशांवर काही तास ठेवलं की आत सूक्ष्म कण बसतात आणि कडकपणा पन्नास रॉकवेलच्या वर जातो. प्लास्टिकच्या साच्यांना ते सोयीचं पडलं. पण कोबाल्ट महाग, आणि ॲल्युमिनियमच्या रसाच्या उष्णतेत हे पोलाद पुन्हा मवाळ पडायला लागतं.

मला विचाराल तर अख्खा डाय छापण्याचा हट्ट वेडेपणाचा आहे. खालचा ठोकळा नेहमीच्या पद्धतीने कापावा आणि पाण्याची वळणं जिथे हवीत तेवढाच वरचा तुकडा छापावा. मुंबईच्या आयआयटीत प्रा. के. पी. करुणाकरन यांनी याहून काटकसरीचा मार्ग धरला: नेहमीच्या सीएनसी यंत्रावर वेल्डिंगचा आर्क बसवायचा, प्रत्येक थर वेल्डिंगने चढवायचा, मिलिंगने सपाट करायचा आणि शेवटी त्याच यंत्रावर फिनिशिंग. लेझरइतकी नजाकत नाही. पण हातात आहे त्या यंत्राला हे जोडता येतं, लहान टूलरूमला ते समजतं.

कामाच्या बारीक अडचणी वेगळ्याच. आडव्या गोल वाहिनीचं छप्पर आधाराविना छापलं जातं, म्हणून मोठ्या भोकाला वरून थेंबासारखं टोकदार करतात, नाहीतर ते खाली लोंबतं. वळणाच्या वाहिनीत ड्रिल घालून गंज खरवडता येत नाही. बोअरचं कठीण पाणी सोडलं तर आत क्षार साचतात. क्षार आम्लाने धुवून काढावे लागतात, आणि गंज टाळायला गंज न धरणाऱ्या जातीचं मारेजिंग निवडावं लागतं. आणि छापलेला तुकडा कडक करायला भट्टीत घालण्याआधी वळणांत अडकलेली पूड उलटसुलट करून, ठोकून, हवेने झटकून काढावी लागते, कारण भट्टीत ती चिकटून बसली की वाहिनीतून पाणी जायला वाट उरत नाही.