चिडण्यामागचं दुखणं

वृद्धाश्रमातला स्मृतिभ्रंश झालेला माणूस ओरडला, अंगावर धावून गेला की त्याच्यावर ‘त्रास देणारा’ असा शिक्का बसतो. खरं तर त्रास आधी त्याला होत असतो; सांगता येत नाही म्हणून तो वागण्यातून बाहेर पडतो. नॉर्वेतल्या 18 नर्सिंग होममधल्या 352 रहिवाशांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला टप्प्याटप्प्यानं वेदनाशामकं दिली. बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल पुरलं. आठ आठवड्यांत त्या गटाची अस्वस्थता सरासरी 17 टक्क्यांनी घटली.

दुखण्याइतकीच जुनी सवय आणि भीतीही बोलते. कोल्हापूरला खेटलेल्या उचगावसारख्या गावात जन्म गेलेल्या एखाद्या आजींच्या अंगात सांजेची धार काढायची वेळ मुरलेली असते. दिवस कलला की त्या दाराकडे निघतात. कडी लावली की दार बडवतात. आंघोळीच्या वेळी अनोळखी हात लुगड्याला लागला तर बोचकारतात, कारण तो हात मदतीचा आहे हे त्यांना उमगत नाही. समोरून येऊन ‘आक्का’ म्हटलं, आधी हातावर कोमट पाणी घातलं, अंगावर पंचा राहू दिला, तर पुष्कळदा झटापट टळते. वागणं एक-दोन दिवसांत अचानक बिघडलं, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा नवं औषध यांची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवायला हवं.

माणसं अपुरी असताना एवढं बघायचं कुणी, हा प्रश्न रास्त आहे. पण रोजच्या झटापटीतही वेळ जातोच. कधी, कुठं, त्याआधी काय घडलं, एवढं वहीत टिपलं तरी कारण हाती लागू शकतं. दुसरा आक्षेपही खरा आहे: काहींचे भास आणि संशय मेंदूच्या झिजेतूनच येतात, मारहाणीत सेविकाही जखमी होतात. अशा वेळी औषध लागतं. मात्र स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये मनोविकारांवरच्या अशा काही औषधांनी मृत्यूचा धोका सुमारे 1.6 ते 1.7 पट वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं 2005 मध्येच दिला. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमी मात्रेत, थोड्या काळासाठीच द्यावं. सेवकांच्या सोयीसाठी कधीच नाही.

देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. अशा माणसाला वृद्धाश्रमात दाखल करताना आधार कार्डासोबत एक कागद घरच्यांनी द्यावा आणि संस्थेनं मागून घ्यावा: हाक काय मारायची, उठायची वेळ कोणती, कोणता गुडघा दुखतो, भीती कशाची वाटते. गोळीआधी तो कागद वाचला जावा.