ऊन पडले असता होडी का निघाली नाही?

आमच्या कामाला हातभार लावणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न नेहमी येतो. आकाश स्वच्छ होते, पेट्रोलचे पैसे पोहोचले होते, मग खाडीपलीकडच्या वारली-कातकरी पाड्यांची भेट रद्द का झाली? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आकाशात शोधून सापडणार नाही. ते पाण्यात आहे.

वैतरणा नदी अर्नाळा आणि दातिवरे यांच्यामध्ये समुद्राला मिळते. गाडीने जायचे तर सगळ्या खाडीला वळसा पडतो, होडीने अंतर थोडके. पण मुखाशी वाळूचे पट्टे आहेत. तिथे पाणी उथळ होते आणि लाटा उभ्या राहतात. आपली होडी फायबरची, लहानशी, मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली. हलकी असल्यामुळे ती चिखलावरून ढकलता येते आणि पेट्रोलही कमी खाते. त्याच हलकेपणामुळे वारा तिचे तोंड फिरवतो आणि लाट तिला उचलून आपटते.

पावसाळ्यात तर या मुखाशी जाणेच नको. बाकीच्या दिवसांत, विशेषतः हिवाळा सरता सरता, सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि पाणी शांत असते. दुपारी वायव्येकडून समुद्राचा वारा सुटतो. त्याच वेळी ओहोटी लागलेली असेल तर खाडीचे पाणी बाहेर धावते आणि वारा त्याला आत रेटतो. दोघांच्या झटापटीत लाटा आखूड, उंच आणि कड्यासारख्या होतात. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला फार तर पांढऱ्या रेघा दिसतात. होडीत बसलेल्याला मात्र त्या भिंतीसारख्या भासतात.

किनाऱ्यावर भरतीचे एक जुने गणित आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावस्येला बाराच्या सुमारास. म्हणजे पुनवेला-अवसेला उधाणाचे पाणी दुपारभर जोराने ओसरत असते, आणि वाराही नेमका तेव्हाच चढतो. अष्टमीला उलट. दुपारी भरती वाऱ्याबरोबरच आत येते, तिचा जोरही बेताचा असतो. त्या दिवशी मुखावर पाणी कमी असते, एवढे सांभाळावे लागते. पाड्यांवर जाण्याचे दिवस रविवार पाहून न ठरवता पंचांग पाहून ठरतात, याचे काहींना नवल वाटते. कारण एवढेच आहे.

आता होडी हाकण्याविषयी. मुख ओलांडताना सरळ रेषा हा सर्वांत वाईट रस्ता. लाटा पश्चिमेकडून येतात आणि आपल्याला उत्तरेला जायचे असते. सरळ गेलो तर प्रत्येक लाट कुशीवर बसते. म्हणून नाळ लाटेकडे तिरकी धरून आधी बाहेर जायचे आणि मग वळून आत यायचे. वळायचे केव्हा, इथेच खरे कसब. लाटा घोळक्याने येतात. दोन-चार मोठ्या गेल्या की थोडा वेळ पाणी सपाट होते, तेवढ्यात वळण उरकायचे. समोरून लाट आली की इंजिनाची मूठ सैल करायची, होडी माथ्यावर चढू द्यायची, खाली उतरताना पुन्हा जोर द्यायचा. लाटांबरोबर परतताना मोह वेगाचा होतो. पण पुढच्या लाटेला ओलांडून गेलो तर नाळ खड्ड्यात घुसते, मागचा भाग फिरतो आणि होडी आडवी होते. एकाच लाटेच्या पाठीवर राहावे. जोर अगदी सोडूही नये, कारण पंखा थांबला की होडी हाताला जुमानत नाही.

माणसांनी खाली, मध्यावर बसावे. घाबरून उभे राहणारा एक जण सगळ्यांना धोक्यात घालतो. लाइफ जॅकेट अंगात घातलेले हवे, बाकाखाली नव्हे. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली हवी, म्हणजे तो पाण्यात पडला तरी होडी त्याला सोडून पळत नाही. पेट्रोलचे तीन वाटे: एक जाण्याला, एक येण्याला, एक राखीव. आत आलेले पाणी लगेच उपसायचे, कारण ते ज्या बाजूला धावते त्याच बाजूला होडी कलते.

इंजिन बंद पडले तर नांगर नाळेकडून टाकायचा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 वाचणारे म्हणतील, पौलाच्या जहाजावरच्या खलाशांनी तर चार नांगर मागून टाकले होते. ते जहाज मोठे होते, त्यावर 276 माणसे होती. आपल्या होडीची मागची फळी इंजिनासाठी बुटकी ठेवलेली असते. तिकडून नांगर टाकला तर पहिल्याच लाटेत होडी भरते. त्या अध्यायातील दुसरी गोष्ट मात्र आम्ही जशीच्या तशी घेतली आहे. पौलाने निघू नका म्हणून बजावले होते, पण दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि सगळ्यांना वाटले, आता जमेल.

म्हणून निघायचे की नाही, हे होडी चालवणारा कोळीबांधव ठरवतो. सोबत पाळक असोत, डॉक्टर असोत की दूरवरून आलेले पाहुणे, त्याचा नकार हा नकार. मुखाशी पोहोचल्यावरही तो मागे फिरू शकतो.

फेरी चुकल्याची झळ बसते ती पाड्यावर. रक्तदाबाच्या गोळ्या संपतात. मिरगीच्या गोळ्यांत खंड पडला तर झटका येऊ शकतो. त्यासाठी अशा रुग्णांना पुढच्या भेटीपर्यंतच्या गोळ्यांबरोबर आणखी 15 दिवसांच्या दिल्या जातात. पेट्रोलच्या खर्चाशेजारी औषधांचा आकडा थोडा जास्त दिसतो, तो या गोळ्यांचा.