ॲल्युमिनियमचा कठीणपणा खळग्यातून कळतो!

पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्या मोटारसायकलींची अलॉय चाकं पाहिली की मला धातूचा कठीणपणा मोजणारी ब्रिनेल चाचणी आठवतेच. स्वीडनच्या योहान ब्रिनेलने ती 1900 मध्ये मांडली. 10 मिमीची कठीण गोळी ॲल्युमिनियमवर 500 किलो भाराने दाबायची आणि उरलेल्या खळग्याचा व्यास सूक्ष्मदर्शकाने मोजायचा; खळगा लहान, तितका धातू कठीण. 6061 हा मिश्रधातू मऊ अवस्थेत साधारण 30 ब्रिनेल भरतो, खळगा साडेचार मिमीचा. तोच तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद शेकला की 95! खळगा जेमतेम 2.6 मिमी. धातू तोच, फक्त आतले मॅग्नेशियम-सिलिकॉनचे सूक्ष्म कण बदलले. तुकडा न तोडता हे कळतं, हीच खरी गंमत. पोलादात या आकड्यावरून ताणशक्तीचा अंदाज बरा येतो. ॲल्युमिनियममध्ये मात्र ताणचाचणी वेगळी करावीच. ही चाचणी करणारी यंत्रं आपल्या इचलकरंजी-मिरज भागात बनतात, याचा मला फार अभिमान आहे.