प्लॉटचे माप आणि गरिबांचे घर : माउंट लॉरेल खटला

श्रीमंत उपनगरांत गरीब माणसे का दिसत नाहीत, या प्रश्नाला ‘तेथील घरे त्यांना परवडत नाहीत’ असे उत्तर सामान्यतः दिले जाते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. तेथे लहान व स्वस्त घर बांधावयाचे कोणी ठरविलेच तर काय होते, हा पुढचा प्रश्न विचारला की बाजारभावाच्या आड उभा असलेला नियम दिसू लागतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या माउंट लॉरेल या गावाचा खटला या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. न्यू जर्सी हे नाव आज अनेक मराठी घरांत मुलगा-सुनेच्या पत्त्यामुळे परिचयाचे झाले आहे. तेथील गरिबांचा हा लढा मात्र आपल्याकडे फारसा ठाऊक नाही.

माउंट लॉरेल हे राज्याच्या दक्षिण भागात, कॅम्डेन आणि फिलाडेल्फिया या शहरांच्या जवळ आहे. 1950 साली ते 2,817 वस्तीचे शेतकरी गाव होते. महामार्ग आले, शहरातला नोकरदार वर्ग बाहेर सरकू लागला आणि 1970 पर्यंत लोकसंख्या 11,221 वर गेली. गावाच्या स्प्रिंगव्हिल भागात कृष्णवर्णीय कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून राहत होती. त्यांची घरे जुनी व मोडकळीला आलेली होती. काहीजण तर कोंबड्यांच्या खुराड्याचे घर करून राहत. नगर प्रशासन अशी घरे राहण्यास अयोग्य ठरवीत असे, पर्यायी जागा मात्र देत नसे. तेव्हा तेथील रहिवाशांनी 36 साध्या सदनिका बांधण्याची योजना आखली. तिला परवानगी मिळाली नाही. 1970 साली चर्चमध्ये भरलेल्या सभेत नगराध्यक्षांनी सांगितले की, ज्यांना या गावात राहणे परवडत नसेल त्यांनी गाव सोडावे. ऐकणाऱ्यांपैकी एथेल लॉरेन्स यांचे घराणे तर त्या परिसरात अनेक पिढ्या नांदलेले होते.

परवानगी नाकारण्यासाठी जात, वर्ण किंवा गरिबी यांतील एकही शब्द वापरण्याची गरज पडली नाही. झोनिंगचे, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय व किती बांधता येईल हे ठरविणारे, नियम पुरेसे होते. निवासी भागांत केवळ स्वतंत्र, एककुटुंबी घरांना मुभा होती. एका विभागात प्लॉट किमान 9,375 चौरस फुटांचा, म्हणजे साडेआठ गुंठ्यांचा हवा. दुसऱ्या विभागात 20,000 चौरस फुटांचा, म्हणजे अठरा गुंठ्यांवर. घराचे किमान क्षेत्रफळही ठरलेले. सुमारे 14,000 एकरांपैकी 4,121 एकर उद्योगांसाठी राखून ठेवले होते. त्यातील प्रत्यक्ष वापरात असलेली जमीन जेमतेम 100 एकर होती. गावात जागा नव्हती असे म्हणण्यास वावच नव्हता.

असे नियम करण्यामागे केवळ वर्णद्वेष होता असे मानणे सोपे, पण अपुरे ठरेल. त्यामागे पैशाचा एक हिशेब होता आणि तो शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. मोठे घर जास्त कर भरते. लहान घर कमी कर भरते, पण त्यातील मुले शाळेत येतातच. म्हणजे नगरपालिकेच्या वहीत कारखाना हा जमेचा आणि शाळकरी मूल हे खर्चाचे कलम ठरते. माउंट लॉरेलने काही मोठ्या नियोजित वसाहतींना परवानगी दिली, तेव्हा सदनिकांतील शयनगृहांच्या संख्येवर मर्यादा घातली. शिवाय दर सदनिकेमागे शाळकरी मुलांचे प्रमाण 0.3 च्या वर गेल्यास, म्हणजे दहा घरांत तीनपेक्षा अधिक मुले निघाल्यास, जास्तीच्या मुलांचा शिक्षणखर्च बिल्डरने उचलावा अशी अट टाकली. मुलांवर कमाल मर्यादा घालणारा हा करार सरकारी दप्तरात रीतसर नोंदविलेला होता, हे विसरता कामा नये.

1971 मध्ये लॉरेन्स व इतरांनी कॅम्डेनच्या विधिसाहाय्य वकिलांमार्फत दावा दाखल केला. 1975 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी लिहिलेल्या निकालातील युक्तिवाद असा : जमिनीच्या वापरावर बंधने घालण्याचा अधिकार मूळचा राज्याचा, गावाला तो सोपविलेला आहे. म्हणून तो सर्वसामान्य हितासाठीच वापरला पाहिजे आणि हे हित गावाच्या वेशीपाशी संपत नाही. परिसरात अल्प व मध्यम उत्पन्नगटाला जितक्या घरांची गरज आहे, तिचा न्याय्य वाटा प्रत्येक विकसनशील गावाने उचलला पाहिजे. हा निकाल राज्याच्या घटनेवर उभा होता, ही त्यातील दूरदृष्टी. कारण त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील पेनफिल्ड गावाविरुद्धचा अशाच स्वरूपाचा दावा, वादींना दावा लावण्याचा अधिकार सिद्ध होत नाही असे सांगून, केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने बाद ठरविला होता.

या यशाला दुसरी बाजूही आहे. लढा सुरू झाला तो कृष्णवर्णीयांच्या विस्थापनातून. निकालाने भाषा स्वीकारली ती उत्पन्नगटाची. त्यामुळे तत्त्व व्यापक झाले, पण वर्णाचा प्रश्न मागे पडला.

निकालानंतर गावाने काय केले? एकूण जमिनीच्या पाव टक्क्याहूनही कमी जमीन स्वस्त घरांसाठी मोकळी केली. 1983 मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट विलेंट्झ यांच्या न्यायालयाने दुसरा, अधिक कठोर निकाल दिला. प्रकल्पात स्वस्त घरांचा भरीव वाटा ठेवणाऱ्या बिल्डरला, गाव आपले कर्तव्य टाळत असेल तर, न्यायालयातून परवानगी मिळविता येईल अशी सोय त्याने केली. गरिबांच्या हक्काला बिल्डरच्या नफ्याची जोड देणारा हा उपाय वादग्रस्त ठरला. तथापि गावे हलली ती याच भीतीने. 1985 मध्ये राज्याने कायदा करून एक परिषद नेमली. त्याच कायद्यात एक पळवाटही होती : श्रीमंत गावाने दुसऱ्या नगराला पैसे द्यावेत आणि आपला निम्म्यापर्यंतचा वाटा तिकडे बांधून घ्यावा. कर्तव्य पार पडले, शेजार मात्र बदलला नाही. ही तरतूद 2008 मध्ये रद्द झाली. परिषद पुढे निष्क्रिय झाल्याने 2015 मध्ये न्यायालयाने हे काम पुन्हा स्वतःकडे घेतले आणि 2024 च्या कायद्याने ती परिषदच बरखास्त झाली.

खुद्द माउंट लॉरेलमध्ये स्वस्त घरांच्या वसाहतीला 1997 मध्ये, वादळी सुनावण्यांनंतर, मंजुरी मिळाली. लॉरेन्स 1994 मध्येच वारल्या होत्या. वसाहतीला त्यांचे नाव देण्यात आले. पहिली कुटुंबे राहावयास आली ती दावा दाखल झाल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. आज तेथे 140 भाड्याची घरे आहेत.

गुन्हे वाढतील, घरांच्या किमती घसरतील, कर वाढतील, असे आक्षेप सुनावणीत घेतले गेले होते. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी व सहकाऱ्यांनी या आक्षेपांची तपासणी करून 2013 मध्ये निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. शेजारच्या तशाच गावांशी तुलना करता तिन्ही बाबतींत वसाहतीमुळे काही फरक पडल्याचे आढळले नाही. रहिवाशांची तुलना त्यांनी ज्यांनी घरासाठी अर्ज केला होता पण ज्यांना अद्याप घर मिळाले नव्हते अशा कुटुंबांशी केली. त्यामुळे ‘मुळातच होतकरू लोक तिकडे गेले’ हा आक्षेप बराचसा निष्प्रभ होतो. वसाहतीतील मोठ्या माणसांचे काम व कमाई वाढली. मुलांना अभ्यासाला शांत जागा मिळाली, ती अधिक वेळ वाचू लागली. आणि पूर्वीपेक्षा कठीण अभ्यासक्रमाच्या शाळांत जाऊनही त्यांचे गुण घसरले नाहीत. हीच ती मुले, ज्यांची संख्या दर घरामागे 0.3 च्या आत ठेवण्यासाठी एके काळी करार लिहिले गेले होते.