दहा लाखांची हॉट हॅच तीन वर्षांनी कितीला जाते? घसाऱ्याचा साधा हिशोब

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज इंजिन, टर्बो, शून्य ते शंभर यातलं फारसं काही नाही. आज पैशांबद्दल बोलूया. छोटी, चपळ, स्पोर्टी हॅचबॅक घ्यायची असं पहिल्या-दुसऱ्या नोकरीतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. आय-२० एन लाइन असेल, अल्ट्रोझ रेसर असेल, नाहीतर सेकंडहँड पोलो जीटी. गाडी घेताना आपण हप्ता विचारतो. पण विकताना किती मिळतील, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आणि खरा खर्च तिथेच लपलेला असतो.

पहिला फटका शोरूमच्या दारातच

एक गाडी धरूया. पेट्रोल, एक्स-शोरूम किंमत १० लाख, पासिंग महाराष्ट्रात, स्वतःच्या नावावर. आपल्याकडे १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे १ लाख १० हजार. विमा आणि किरकोळ खर्च ५० हजार धरा. ऑन-रोड झाली ११ लाख ६० हजार.

आता गंमत बघा. तुमच्यानंतर गाडी घेणारा माणूस हे वरचे १ लाख ६० हजार वेगळे मोजून देत नाही. त्याच्या डोक्यात आजच्या नव्या गाडीची किंमत असते आणि तिथून तो खाली येत घासाघीस करतो. म्हणजे गाडी गेटबाहेर काढली तेव्हाच हे पैसे गेले.

मग वर्षावर्षाचा घसारा

तुमच्या विमा पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, तो हा आकडा. तो काढायचा ठरलेला तक्ता आहे. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के वजा, वर्षभरापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. त्यापुढे विमा कंपनी आणि मालक मिळून ठरवतात.

बाजारभाव म्हणजे आयडीव्ही नव्हे, हे लक्षात ठेवा. मागणी असेल तर भाव वर, नसेल तर खाली. पण अंदाजाला हा तक्ता चांगला. आपली १० लाखांची गाडी तीन वर्षं ओलांडली की या हिशोबाने ६ लाखांवर येते.

स्पोर्टी गाडीचं वेगळं काय?

एक, गिऱ्हाईक कमी. साध्या स्विफ्टला कॉलेजचा पोरगा, रिटायर्ड काका, टॅक्सीवाला सगळे विचारतात. स्पोर्टी गाडीला विचारणारा मोजका. घरच्यांचा पहिला प्रश्न "ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा "मेंटेनन्स किती?"

दोन, संशय. पहिल्या मालकाने गाडी कशी दामटली असेल कोण जाणे, ही भीती. त्यात टर्बो किंवा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स असेल तर दुरुस्तीच्या बिलाची भीती वेगळी. हा धोका गिऱ्हाईक आधीच भावातून कापून घेतो.

तीन, मॉडिफिकेशन. रीमॅप, मोठा एग्झॉस्ट, सस्पेन्शन खाली. तुम्ही लाखभर घातलेत म्हणून भाव लाखाने चढत नाही, उलट बरेच जण फोनच ठेवून देतात. शिवाय कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाणारे बदल कायद्यातही बसत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय.

चार, आणि हे कोणी सांगत नाही: नव्या गाडीचीच किंमत कमी होणं. बलेनो आरएस २०१७ मध्ये आली. सप्टेंबर २०१९ मध्ये मारुतीने तिची किंमत एका झटक्यात १ लाखाने उतरवली. फोक्सवॅगनची तीन दारांची पोलो जीटीआय २०१६ मध्ये सुमारे २६ लाखांना आली आणि पुढच्याच वर्षी २० लाखांच्या खाली आणावी लागली. ज्यांनी आधी घेतली, त्यांच्या गाडीचा भाव काहीही न चालवता पडला.

ताजं उदाहरण जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर, म्हणजे इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरपर्यंत, सेस धरून २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पूर्ण फायदा गिऱ्हाइकाला दिला तर १० लाखांची गाडी साधारण ९ लाख १५ हजारांना येते. मग तुमच्या जुन्या गाडीला जुन्या किमतीच्या हिशोबाने कोण पैसे देईल?

पण पोलोचा भाव टिकतो, त्याचं काय?

हा प्रश्न येणारच! पोलो आपल्या चाकणची. २०१० मध्ये आली, २०१३ मध्ये जीटी टीएसआय आली, आणि २०२२ मध्ये उत्पादन थांबलं. नवी मिळत नाही, चाहते आहेत, आणि कंपनी देशात असल्यामुळे सर्व्हिस चालू आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की चांगल्या ठेवलेल्या गाडीची घसरण मंदावते.

पण बंद झालेली प्रत्येक गाडी पोलो होत नाही. फियाटची अबार्थ पुंटोही पुणे जिल्ह्यातलीच, रांजणगावची. २०१५ मध्ये आली, १४५ पीएस ताकद, त्या किमतीत तोड नव्हती. पण पुढे फियाट ब्रँडच भारतातून गेला. ज्या गाडीच्या पार्टसाठी फोनाफोनी करावी लागते, ती मोजके वेडेच घेतात. म्हणून "लिमिटेड आहे, भाव चढेल" या भरवशावर गाडी घेऊ नका.

खरी अडचण: कर्ज हळू उतरतं, भाव लवकर पडतो

हा भाग नीट ऐका. आपल्या ११ लाख ६० हजारांच्या गाडीला १ लाख ६० हजार स्वतःचे भरले आणि १० लाखांचं कर्ज काढलं. व्याज साडेनऊ टक्के, मुदत सात वर्षं. हप्ता बसतो साधारण १६,३४४ रुपये. परवडेल असं वाटतं ना?

तीन वर्षांत तुम्ही जवळपास ५ लाख ८८ हजार भरता. तरी बँकेचं देणं उरतं साधारण साडेसहा लाख, आणि गाडीची किंमत आपल्या हिशोबाने ६ लाख. म्हणजे नोकरी सुटली, परदेशी जायचं ठरलं, घरात दवाखाना निघाला आणि गाडी विकायची वेळ आली, तर गाडी देऊन वर ५० हजार खिशातून भरायचे. गाडी चोरीला गेली तरी हीच गत, कारण आयडीव्हीचे पैसे आधी बँकेकडे जातात.

तेच कर्ज पाच वर्षांचं घेतलं तर हप्ता २१ हजारांच्या आसपास. पण तीन वर्षांनी देणं उरतं सुमारे ४ लाख ५७ हजार. गाडी विकून हातात काहीतरी येतं. तो २१ हजारांचा हप्ता झेपत नसेल, तर ती गाडी आज आपल्या बजेटची नाही.

मग करायचं काय?

हौस मारायची नाही, फक्त हिशोब उलटा करायचा. पहिल्या मालकाने ११ लाख ६० हजारांना घेऊन तीन वर्षांनी ६ लाखांना विकली, तर नुसत्या घसाऱ्यापायी महिन्याला साधारण १५,५०० रुपये गेले. तीच गाडी तुम्ही ६ लाखांना घेतली आणि आणखी तीन वर्षांनी, समजा, ४ लाखांना विकली, तर महिन्याला सुमारे ५,५००. दुरुस्तीसाठी थोडे बाजूला ठेवा, तरी फरक मोठा आहे. मजा तीच, घाटातली वळणं तीच!

घेताना पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड बघा आणि मॉडिफाय केलेली गाडी टाळा. दिल्ली किंवा दुसऱ्या राज्यातली स्वस्त दिसली तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच भाव ठरवा. नवीच घ्यायची असेल तर सुरुवातीच्या वर्षांत रिटर्न टू इनव्हॉइस कव्हर घ्या, म्हणजे आयडीव्ही आणि बिलाच्या रकमेतली दरी विमा भरतो. विकताना मूळ पार्ट परत बसवा, आणि नो क्लेम बोनस आपल्या नव्या गाडीवर घ्यायला विसरू नका. तो मालकाचा असतो, गाडीचा नाही.

तुमच्या गाडीचं उरलेलं कर्ज आणि आजचा बाजारभाव, हे दोन आकडे आज रात्री एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा. कोणता मोठा निघाला, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात, आणि हो, सीटबेल्ट लावा!