मार्क किती पडले, की येतं काय?

आज बोलूया आपल्या पोरांच्या शाळेबद्दल.

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक होती आणि सचिवताई नेमक्या गावाला गेलेल्या. हिशेब कोण लिहिणार? एकीची सातवीतली लेक वही घेऊन बसली. तीन हजारांचं कर्ज, शेकडा दोन रुपये महिना व्याज. महिन्याचं व्याज किती? पोरगी गप्प! प्रगतिपुस्तकात तिला गणिताला ब-१ श्रेणी होती. सरळव्याजाची उदाहरणंही तिनं सोडवलेली. तरी सुचेना. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही. पुरे झाली आता शाळा."

तेव्हा आमच्यातल्या एक आजी पुढे सरकल्या. त्या अंगठा उठवणाऱ्या. म्हणाल्या, "बाळ, शंभराला दोन, तर हजाराला किती?" "वीस." "मग तीन हजाराला?" पोरगी चटकन म्हणाली, "साठ!"

म्हणजे डोकं होतं. पुस्तकातलं गणित आणि गटाची वही यांची गाठ कधी कुणी घालून दिली नव्हती, एवढंच. त्या दिवसापासून आम्ही काही गोष्टी शिकलो, त्या तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, प्रगतिपुस्तक नीट बघायचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. मुलांनी करून बघत शिकावं आणि त्यांना काय समजलं हे वर्षभर पाहत राहावं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून आपल्या शाळांत दोन तऱ्हेचं मूल्यमापन असतं. सत्राच्या शेवटी होतं ते संकलित. सत्रभर तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प यांतून होतं ते आकारिक. शिक्षक वर्णनात्मक नोंदीही करतात. आपण शाळेत गेलो की विचारतो, "पास आहे ना?" त्याऐवजी विचारा, "गुरुजी, हिला काय चांगलं येतं? कुठं अडतं? घरी आम्ही काय करू?"

घरीही पारख करता येते. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून हेच करतात. घरी जाऊन मुलाशेजारी बसतात, सोपा उतारा वाचायला देतात. आपल्याला वाचता येत नसलं तरी पोर कुठं अडखळतं ते कानाला कळतं. वाचून झालं की म्हणायचं, "आता पुस्तक मिट आणि काय वाचलंस ते सांग." सांगता आलं तर समजलं. नाही आलं तर रागवायचं नाही, पुन्हा वाचायला लावायचं.

दुसरी गोष्ट, मोबाईल. बालभारतीच्या अनेक पुस्तकांत धड्याजवळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. 'दीक्षा' ॲप उघडून त्यावर कॅमेरा धरला की धड्याबद्दलची माहिती, व्हिडिओ दिसतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण नुसता मोबाईल हातात देऊन भागत नाही. पंधरा मिनिटं शेजारी बसा. मग मोबाईल बाजूला ठेवा आणि म्हणा, "आता मला शिकव." आईला शिकवताना पोराला स्वतःलाच नीट कळतं.

तिसरी गोष्ट, व्यवहार. बऱ्याच शाळांत बाल आनंद मेळावा भरतो, मुलं भाजी-भेळ विकतात. तिथं आपण पुढे होऊन हिशेब करून द्यायचा नाही. भाव त्यांनाच ठरवू द्या. सामानाला किती गेले, हाती किती आले, नफा की तोटा, हे रात्री त्यांनाच मांडू द्या. चुकलं तर चुकू द्या. विजेचं बिल, दुधाचं कार्ड, खताच्या पोत्यावरचा मजकूर, हे सगळं शिकण्याचंच साहित्य आहे. आणि हो, हे मुलाकडूनही करून घ्या, फक्त मुलीकडून नको.

शेवटचं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, असं कायदा सांगतो. आपलं नाव त्यात असेल तर नुसती सही करून उठू नका. विचारा, मेळाव्याचा हिशेब वर्गात मांडला का? शाळेतला संगणक मुलांच्या हाती येतो का?

ती पोरगी आता आठवीत आहे. दर बैठकीला सचिवताईंशेजारी बसून वही लिहिते. हप्त्याच्या गणितात अजून अडते. अडली की आजींकडे बघते, आणि आजी म्हणतात, "आधी शंभराचं सांग."

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला एखादं पोर वहीजवळ बसवून बघा.